पोचल्याचं कार्ड

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आपल्या भागातून पुण्याला आलेल्या लोकांच्या या अंकात लिहिणारी मंडळी मोठी आहेत. कोणी हिंजवडीत टीम लीडर आहे, कोणी दोनदा अमेरिकेला जाऊन आलं आहे, एका ताईंनी स्वतःचा दवाखाना काढला आहे. मी अजून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तेही उशिराने. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर नेमकं काय करायचं असतं हे विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि लेख कसा लिहायचा हे विचारायलाही नाही. संपादकांनी गाव सोडतानाची आठवण लिहायला सांगितली तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती माझ्या एकट्याची नाही. गावाकडे हा अंक जाईल तेव्हा कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवावी, एवढीच इच्छा आहे. मोठ्याने कशासाठी ते पुढे कळेल.

आमचं गाव पिपरटोला. भंडाऱ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. माझे बाबा, श्रावण कापगते, तिथल्या राईस मिलमध्ये कामाला. तांदूळ काढणाऱ्या हलरजवळ वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेलेले. बोललं तर उत्तर ऐकू येत नाही, म्हणून ते बोलायचेच कमी, आणि बोलले की ओरडून बोलायचे. मी पुण्याला निघालो त्या सकाळी ते मिलमधूनच फाट्यावर आले. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कोंडा होता. एसटी दिसली तेव्हा त्यांनी खिशातून रबर लावलेली दहा पोस्टकार्डं काढली. दहाही कार्डांवर त्यांनी स्वतःच्या मोठ्या, चौकोनी अक्षरात आमचा पत्ता आधीच लिहून ठेवला होता. ते चौथी शिकलेले. दहा पत्ते लिहायला त्यांना एक अख्खी संध्याकाळ लागली असणार.

"पोचला का कार्ड टाकजो," ते ओरडले. सगळा फाटा आमच्याकडे बघायला लागला. "लिहाले काही नसंल तं कोरं टाकजो. मी समजून घेईन."

त्यांच्या मागे दशरथकाकाजी उभे होते. दशरथ लांजेवार हे मिलचं इंजिन चालवायचे आणि बाबांचे एकमेव मित्र होते. हात ग्रीसने काळे होते म्हणून माझ्या नव्या शर्टाला न शिवता ते लांबूनच म्हणाले, "पुण्यात रेडिओवाले रायतेत म्हणे. भेटले तं माझं नाव सांगजो गा."

यामागे एक जुनी गोष्ट होती. मिलच्या इंजिनघरात खिळ्याला एक रेडिओ टांगलेला असायचा. इंजिन चालू असताना त्याचा काही उपयोग नव्हता. पण दुपारी जेवायच्या सुट्टीत काकाजी इंजिनाचा पट्टा उतरवायचे, सगळं गाव एकदम शांत व्हायचं, आणि बुधवारी त्याच वेळेला नागपूरकडच्या केंद्रावर फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. गाणं लागायच्या आधी निवेदक मागणी करणाऱ्यांची नावं वाचायचे. अमुक गावाहून अमुक, तमुक आणि मित्रपरिवार. काकाजींना गाण्यापेक्षा नावांतच रस. आपलंही नाव एकदा तिथून यावं अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांना लिहिता येत नव्हतं. मी सहावीत असल्यापासून त्यांच्यासाठी कार्डं लिहायचो. ते सांगायचे, "दशरथ लांजेवार लिही, मंग पारबता लांजेवार लिही, नाहीतं ती रागावंल." बुधवारी दोघं नवराबायको रेडिओखाली बसायचे. पारबताकाकू डबा घेऊन यायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत डबा उघडायच्या नाहीत. नाव कधीच आलं नाही. काकाजी पट्टा चढवताना म्हणायचे, "आज नाही तं पुढच्या बुधवारी." मी बारावी होईपर्यंत हे चाललं.

पुण्यात मी बी.सी.एस.ला आलो होतो. त्या वर्षांत आमच्याकडे पुणे म्हणजे कॉम्प्युटर, असंच सगळे धरून चालायचे. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पादत्राणं बाहेर काढून जावं लागायचं. दारापाशी बुटांची लांब रांग असायची आणि त्यात एकच स्लिपर, माझी. मी आत आहे की नाही हे लोक स्लिपर बघून ओळखायचे. आत गेल्यावर मात्र मी आहे की नाही याने कोणाला काही फरक पडत नव्हता. सर इंग्रजीतून शिकवायचे, मुलं इंग्रजीतून हसायची, आणि मी हसणं संपल्यावर हसायचो.

त्या वर्षी मी बाबांच्या दहापैकी तीन कार्डं टाकली. एक पोचल्याचं, एक गणपतीत, एक दिवाळीहून परतल्यावर. मग निकाल लागला. मी चार विषयांत नापास झालो. नापास मुलांना होस्टेल मिळत नव्हतं. मी सामान उचललं, दुसऱ्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं आणि वारज्याला एका खोलीत कॉट घेतली. हे कार्डावर कसं लिहायचं ते मला कळेना. रोज उद्यावर ढकललं. शेवटी गावातल्या दुकानातल्या फोनवर एकदा फोन केला. दुकानदार म्हणाला, "थांब, घरून कोणाले बलावतो." मी घाईघाईने म्हणालो, "नको, फक्त सांगा, बरा आहे, कंपनीत लागलो." आणि ठेवून दिला. पुढच्या दिवाळीला गेलो नाही. कंपनीत लागलेला माणूस कसा दिसतो हे मला माहीत होतं, आणि मी तसा दिसत नव्हतो. सात कार्डं ट्रंकेत तळाशी होती. कोरं टाकलं तरी चालेल असं बाबा म्हणाले होते, आणि मला तेही जमलं नाही.

वारज्याची खोली म्हणजे शेतात उभी राहिलेली नवी इमारत. खाली मालकांच्या म्हशी, वर आम्ही. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "पाणी सकाळी सातलाच हाय. नंतर बोंबलायचं नाय." खोलीत माझ्याशिवाय संदीप नावाचा अकोल्याचा मुलगा होता. तो कॉल सेंटरला होता. मी निघायचो तेव्हा तो येऊन झोपायचा, मी यायचो तेव्हा तो निघायचा. आमची भेट दारातच. दोरीवरचा टॉवेल ओला आहे की कोरडा यावरून तो बरा आहे एवढं मला कळायचं. एकदा दारातच त्याने सांगितलं की कामावर त्याचं नाव सॅम आहे. "घरून फोन आला आणि आई संदीप म्हणाली की दोन सेकंद लागतात राव," असं तो हसत म्हणाला. मग गाडी आली म्हणून पळाला. इतकं लांब बोलणं आमच्यात पुन्हा बराच काळ झालं नाही.

दिवाळीनंतर कॉलेजच्या फलकावर एक चिठ्ठी लागली. "म्युझिक प्रमोशन इंटर्न पाहिजे." मार्केटिंगच्या विषयाला प्रोजेक्ट लागणारच होता. मला वाटलं, गायक भेटतील, स्टुडिओ बघायला मिळेल. ऑफिस निघालं कसबा पेठेत, तांबट आळीत, अरुंद लाकडी जिन्यावरची एक खोली. खाली दिवसभर तांब्याच्या हंड्यांवर हातोड्या पडायच्या. येणारे लोक कानांवर हात ठेवायचे. मला मात्र पुण्यात पहिल्यांदाच कुठेतरी बरं वाटलं. आवाज मिलसारखा नव्हता, पण आवाजात ओरडून बोलणारी माणसं ओळखीची होती.

परांजपे सर ही कंपनी चालवायचे. पाळणागीतं, लोकगीतं, भावगीतं, अशा कॅसेट काढायचे. तेव्हा सीडी आलेल्या होत्या, एफएम आलं होतं, मोबाइलवर गाणी ऐकू यायला लागली होती. पहिल्या दिवशी मी हे सगळं, वाचून आलेलं, त्यांना सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आमचा धंदा बुडतोय," ते म्हणाले. "हे सांगायला आपण वारज्याहून दोन बस बदलून आलात. आभारी आहे. आता हे पोस्टर घ्या."

माझा दिवस असा असायचा. सकाळी नवाला पोस्टरांची गुंडाळी घेऊन बाहेर पडायचं. कॅसेटच्या दुकानात पोस्टर लावू द्या म्हणून विनवायचं, आणि जिथे नवीन कॅसेट ठेवलेली नाही तिथे गिऱ्हाईक म्हणून जायचं. "ती नवीन पाळणागीतांची आली का हो?" असं चार दिवसांत तीन वेगवेगळ्या वेळी विचारायचं, म्हणजे दुकानदाराला वाटतं की मागणी आहे. मला हे खोटं बोलणं जमत नसे. तोंडातल्या तोंडात विचारायचो. स्वारगेटला एसटी स्टँडजवळ एका काकांचा स्टॉल होता. तिथे मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा संदीपचा गॉगल लावून गेलो.

"आली का हो ती पाळणागीतांची?"

"आली की."

"कशी आहे?"

"परवा आपण विचारून गेलात तेव्हा होती तशीच आहे. आज काळा चष्मा लावलात म्हणून काही बाळ जास्त झोपत नाही." मग माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे बघून म्हणाले, "लावा पोस्टर. पण खाली बॅटरी सेलचा भाव लिहिलाय, तो झाकू नका. विकतं ते तेच."

ते पुढे मला रोज पाणी द्यायचे. पुण्यात त्या दिवसांत जे माझ्याशी रोज बोलायचे त्यांत ते एक. मी त्यांना कधी नाव विचारलं नाही आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

दुपारी ऑफिसात येऊन कार्डं लिहायची. हे माझं खरं काम. रेडिओवर गाणं वाजलं की त्या भागातल्या दुकानांत कॅसेट खपते, आणि गाणं वाजायला श्रोत्यांची मागणी लागते. म्हणून आम्हीच श्रोते व्हायचो. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत, कधी डाव्या हाताने, रोज पन्नास-साठ पोस्टकार्डं. शिक्का पुण्याचा पडू नये म्हणून कार्डांचे गठ्ठे त्या त्या भागातल्या वितरकाकडे पार्सलने जायचे आणि तिथल्या पेट्यांत पडायचे. हे बरोबर नव्हतं. ज्या निवेदकांनी ती कार्डं खरी समजून वाचली त्यांची मी इथे माफी मागतो.

पहिल्या दिवशीची माझी कार्डं सरांनी उलटीपालटी करून बघितली. "रमेश, सुरेश, महेश, दिनेश. एकाच पाळण्यातले दिसतात. अहो विलास, रेडिओ केंद्रात माणसं बसतात."

"मग पुण्यातली खरी नावं घालू का सर?"

"पुणेकर फर्माईश करत नाही, तक्रार करतो. खेड्यातली घाला. तुम्ही आहात ना खेड्यातले? आणि एक लक्षात ठेवा, स्वतःचं नाव कधीही घालायचं नाही. ज्याचं नाव सापडतं त्यालाच बोलावतात."

नागपूरकडचा गठ्ठा माझ्यासमोर होता. मी पेन घेतलं आणि काही विचार न करता पहिलं कार्ड लिहिलं. "मु. पो. पिपरटोला येथून दशरथ लांजेवार, पारबता लांजेवार आणि मित्रपरिवार." हात आपोआप चालला. सहावीपासूनची सवय होती. मग दुसरं लिहिलं, दुकानदाराचं. तिसरं भजनी मंडळाचं. चौथ्यावर माय आणि तिच्याबरोबर धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया.

त्या दिवसापासून मी रोज गावातून चालायला लागलो. फाट्यापासून सुरुवात करायची, उजव्या हाताची घरं एका दिवशी, डाव्या हाताची दुसऱ्या दिवशी. कोणाला कोणतं गाणं आवडेल याचा विचार करायचो. पोलीस पाटलांना भक्तिगीत, त्यांच्या सुनेला भावगीत. शाळेतल्या गुरुजींना मी मुद्दाम पाळणागीत दिलं, कारण त्यांनी मला तासाला झोपल्याबद्दल फार मारलं होतं. एकदा मी लिहिता लिहिता मोठ्याने हसलो. सरांनी वर बघितलं. बाबांचं नाव मी आठवड्यातून एकदाच घालायचो, त्यापेक्षा जास्त घालायची हिंमत होत नव्हती. काकाजींचं मात्र रोज एक कार्ड. गठ्ठा पार्सलला गेला की वाटायचं, माझ्या हातची कार्डं नागपूरला चालली, मी इथेच.

आता आठवलं की माझंच मला नवल वाटतं. दिवसाला साठ कार्डं लिहिणारा मुलगा घरी एक लिहीत नव्हता. साठही कार्डांवर गावातले लोक होते, आणि त्यांतल्या एकाचीही खुशाली मला माहीत नव्हती. माझ्या डोक्यातलं गाव मी सोडलं त्या दिवशीचं होतं. त्यात कोणी म्हातारं होत नव्हतं, कोणाचं लग्न होत नव्हतं, कोणी गाव सोडून जात नव्हतं. कार्ड रेडिओवर वाचलं जातं की रद्दीत जातं हेही कळायला मार्ग नव्हता. संदीपचा छोटा रेडिओ घेऊन मी एका बुधवारी दुपारी वारज्याच्या गच्चीवर गेलो, ऑफिसला बरं नाही म्हणून खोटं सांगून. काटा इकडून तिकडे फिरवला. मुंबई लागली, पुणे लागलं, कुठलंतरी परदेशी लागलं. नागपूर लागलं नाही. खाली म्हशी उभ्या होत्या, लांब बंगलोरला जाणारा हायवे दिसत होता. कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत मी खरखर ऐकत बसलो. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी काकाजींचं नाव यावं आणि पारबताकाकूंनी त्या दिवशी डबा लवकर उघडावा. नाव आलं की त्यांना कळेल, की कुठेतरी कोणीतरी ते लिहिलं. बाकी मी कोणाला काही सांगू शकत नव्हतो.

असे तीन महिने गेले. भंडाऱ्याकडून कॅसेटची मागणी वाढली म्हणून सर खूश होते. खूश झाले की ते फक्त "हं" म्हणायचे. होळीच्या आधी एके दिवशी मी स्वारगेटहून परत आलो, तर त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं एक पोस्टकार्ड बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"तुमचं आहे. आमच्या पत्त्यावर आलंय. मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. मग पेन खाली ठेवून, "पोस्टकार्ड असल्यामुळे जेवढं दिसलं तेवढं दिसलं. आज पोस्टर राहू द्या. खाली चहा सांगितलाय, दोन."

कंपनीच्या पत्त्याच्या वर लिहिलं होतं, "विलास श्रावण कापगते, पिपरटोल्याचा मुलगा, गाण्याच्या कंपनीत." अक्षर मोठं, चौकोनी. मी ते कार्ड जिन्यात बसून वाचलं. खाली हातोड्या चालू होत्या. तांबटांपैकी एकाने वर बघितलं आणि का कोण जाणे, हातोडी थांबवली. मग शेजारच्यानेही थांबवली. इंजिनाचा पट्टा उतरवल्यावर व्हायचं तसं झालं.

हा लेख मला त्या कार्डानेच संपवायचा आहे, म्हणून त्यानंतरचं आधीच थोडक्यात सांगून टाकतो. मी वर जाऊन सरांना म्हणालो, की यापुढे मला नावं लिहिता येणार नाहीत. ते म्हणाले, "ठीक. उद्यापासून मी लिहितो. माझं अक्षर इतकं वाईट आहे की कोणालाही खरं वाटेल." तरी पुढे फार दिवस कोणी लिहिलं नाही. कॅसेट बंद झाल्या, सर आता मोबाइल कंपन्यांना गाणी देतात. मला त्यांनी सर्टिफिकेट दिलं. त्यात "हस्ताक्षर उत्तम" असं लिहिलं आहे, जे मार्केटिंगच्या सर्टिफिकेटात कोणी लिहीत नाही. वारज्याला जाऊन मी ट्रंक उघडली. मग दारात संदीप भेटला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याची गाडी खाली हॉर्न देत राहिली आणि तो उभा राहिला. होळीला मी गावी गेलो. बाबांच्या भुवया आता कोंड्याशिवायही पांढऱ्या आहेत. मिलमध्ये इंजिनावर दुसरा माणूस आहे. तोही बुधवारी पट्टा वेळेवर उतरवतो, कारण पारबताकाकू येऊन बसतात.

पुण्यात आता मला कोणी विचारलं, घर कुठे, तर मी पिपरटोला म्हणतो. पण ते माझ्या डोक्यातलं, मी कार्डांवर लिहीत होतो ते गाव नाही. ते गाव मला फार जपून ठेवता आलं, कारण तिथून मला कोणी काही कळवू शकत नव्हतं. खऱ्या घरात माणसं तुमच्या पाठीमागे मरतात, आणि तुम्हाला शोधून काढून ते सांगतात. माझ्याबरोबर इकडे आलेल्यांना, ज्यांच्या ट्रंकेत अशीच काही न टाकलेली कार्डं असतील त्यांना, मला एवढंच म्हणायचं होतं. आता ते कार्ड, जसं आलं तसं.

"चि. विलासले आशीर्वाद. आम्ही खुशाल. होस्टेलवर दोन कार्डं टाकली, दोन्ही परत आली. दशरथ तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेला. छातीत दुखलं. तुले कळवाले पत्ता नव्हता. मांगच्या महिन्यात बुधवारी रेडिओवर त्याचं नाव आलं. मले ऐकू नाही आलं, लोकं धावत सांगाले आले. पारबता म्हणे, त्यायले तं लिहिता येत नव्हतं, कार्ड टाकलं कोणं? मंग तीच म्हणे, आपल्या विलासनं. पोरगा आहे कुठंतरी. तिनं मिलमध्ये सगळ्यायले गूळ वाटला. मंग दर बुधवारी गावची नावं येऊ लागली, गाणी सगळी एकाच कंपनीची. मी बाजारातून त्या कंपनीची कॅसेट आणली, तिच्या कागदावर हा पत्ता भेटला. कॉम्प्युटर नसंल तं नसू दे. दहा कार्डं दिली होती. तीन आली. सात तुझ्यापाशी आहेत. रेडिओवर गावातल्या सगळ्यायची नावं आली. मायचं आलं, माझं आलं, मेलेल्या दशरथचं आलं. तुझं नाही आलं. काहून?"